यादीत नाव

एटापल्लीत माझं ऑनलाईन सेंटर आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, जातीचा दाखला, शिष्यवृत्ती, भरतीचे अर्ज, सगळं होतं. दिवसभर एकच प्रश्न कानावर पडतो : "भाऊ, यादीत नाव आलं का?" घरकुलाची यादी, पोलीस भरतीची यादी, सूरजागडच्या खाणीवर कामाला घेतलेल्यांची यादी. नाव नसलं तर बहुतेक वेळा खोट माणसात नसते. आधारवर नाव एक आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरं असतं, बँक खातं जोडलेलं नसतं, किंवा अर्ज शेवटच्या रात्री भरायचा राहतो आणि नेमका तेव्हाच टॉवर बंद पडतो. यादी काढणाऱ्यापर्यंत जे पोचलं तेच यादीत येतं, हे मला कोणी शिकवायला नको.

तरीही एका यादीपुढे माझी ही सगळी अक्कल गहाण पडत आली. ती यादी म्हणजे दरवर्षी नोव्हेंबरात लागणारी व्हिडिओ गेमच्या पुरस्कारांची नामांकनं.

'द गेम अवॉर्ड्स' हे पुरस्कार जेफ किली या कॅनेडियन पत्रकारानं २०१४ साली सुरू केले. गेमच्या जगात यापेक्षा जास्त गाजावाजा दुसऱ्या कुठल्या पुरस्काराचा होत नाही. जगभरातल्या शंभराहून अधिक प्रसारमाध्यमांची ज्यूरी नामांकनं ठरवते. विजेता निवडताना ज्यूरीच्या मतांना ९० टक्के वजन असतं आणि लोकांच्या ऑनलाईन मतांना १० टक्के. हा हिशेब मला बरीच वर्षं ठाऊक नव्हता, पण त्यामुळे माझं बोलणं कधी अडलं नाही.

२०१८ साली मी नागपुरात शिकत होतो. त्याच वर्षी 'पबजी मोबाईल' आला आणि आमच्या खोलीतली झोप उडाली. डिसेंबरात 'सर्वोत्कृष्ट मोबाईल गेम'चा निकाल लागला. नामांकनांत पबजी मोबाईल होता, 'फोर्टनाईट' होता, आणि बक्षीस गेलं 'फ्लोरेन्स' नावाच्या गेमला. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या एका छोट्या स्टुडिओनं केलेला हा गेम तासाभराच्या आत संपतो. त्यात बंदूक नाही, हरणं नाही, जिंकणं नाही. पंचवीस वर्षांची एक मुलगी, तिचं पहिलं प्रेम आणि ते प्रेम संपणं, एवढीच गोष्ट आहे.

माझा संताप झाला. अख्खा देश जो गेम खेळतो तो सोडून श्रीमंत शहरी पोरांच्या चाळ्याला बक्षीस! आमच्यासारख्या जंगलातल्या, फोनवर खेळणाऱ्या पोरांना तिकडे कोण विचारतं? 'आमच्यासारख्या' हा शब्द मी त्या दिवशी फार वापरला. माझ्या रूममेटनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू खेळून पाह्यला का बे?" त्यानं तो विकत घेऊन ठेवला होता. मी म्हणालो, खेळायची गरजच काय? त्यानं आपल्या खात्यावरून तो माझ्या फोनमध्ये टाकून दिला. मी तो उघडलाही नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि मी सूरजागड पहाडाच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या गावी परतलो. गावात रेंज नव्हती. संध्याकाळी टेकडीवर चढलं की दोन काड्या दिसायच्या, त्यात फोन लागायचा, पण पबजी उघडायचं नाव घेत नव्हता. 'आमच्यासारख्यांचा' म्हणून ज्याची वकिली मी केली, तो गेम आमच्या गावात चालतच नव्हता. नेट नसतानाही चालणारी एकच वस्तू फोनमध्ये पडून होती, फ्लोरेन्स.

एका दुपारी नाइलाजानं तो सुरू केला. त्यात फ्लोरेन्स आणि क्रिश पहिल्यांदा भेटतात तेव्हा बोलण्यासाठी चित्राचे तुकडे जुळवावे लागतात. संवादाचा फुगा असतो आणि त्यात ते तुकडे बसवायचे. पहिल्या भेटीत तुकडे बरेच असतात, जुळवायला वेळ लागतो. भेटी वाढतात तसे तुकडे कमी होत जातात, शेवटी एकच उरतो, कारण आता बोलायला कष्ट पडत नाहीत. मग भांडण येतं आणि त्याच तुकड्यांच्या कडा टोकदार होतात. पुढे तो तिच्या घरी राहायला येतो तेव्हा फळीवर कोणाची कोणती वस्तू ठेवायची आणि कोणती खोक्यात बंद करायची, हे आपल्यालाच ठरवावं लागतं. नंतर त्याच वस्तू आपल्याच बोटानं उचलून द्याव्या लागतात. एक अक्षर न वाचता मला सगळं कळत होतं. आणि तो क्रिश मूळचा भारतीय कुटुंबातला, चेलो वाजवणारा मुलगा. तिकडे आपल्याला कोणी विचारत नाही, असं ओरडताना मी जे डोळे मिटले होते, त्यांच्यासमोरच तो उभा होता.

पबजीवर त्याच वर्षी २ सप्टेंबरला सरकारनं बंदी घातली. मला दुःख झालं, पण पूर्वीइतक्या तावानं बोलता आलं नाही.

इथे शहाणपण आलं असतं तर ही कथा संपली असती. दोनच महिन्यांत मी आणखी मोठा घोळ घातला.

पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या छोट्या स्टुडिओनं 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा गेम केला आहे. सर्कशीत वाढलेली राजी असुरांनी पळवलेल्या आपल्या धाकट्या भावाला, गोलूला शोधायला निघते. दुर्गेनं दिलेला त्रिशूळ तिच्या हातात असतो. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसा उभा करायचा प्रयत्न फसला होता, तरी मंडळी टिकून राहिली. ऑगस्ट २०२० मध्ये तो निन्टेन्डोच्या यंत्रावर आला तेव्हा मी त्याचा व्हिडिओ पाहिला आणि पोरांना सांगितलं, "आपल्याकडचे गेम असेच, दिसायला बरे, आतून पोकळ." न खेळताच.

नोव्हेंबरात नामांकनं आली आणि 'सर्वोत्कृष्ट पदार्पण' या विभागात राजीचं नाव झळकलं. तोच व्हिडिओ मी पुन्हा पाहिला. आता मला त्यात राजस्थानच्या किल्ल्यांची आठवण करून देणारे वाडे दिसले, भिंतींवरची चित्रं दिसली, अंगावर काटा आला. व्हिडिओ तोच होता. फरक एवढाच, की आता परक्या लोकांनी त्याच्या नावावर शिक्का मारला होता.

तेव्हा मी सेंटर नुकतंच सुरू केलं होतं. आमच्याकडे बऱ्याच गिऱ्हाइकांचा ईमेल नसतो. अर्जाला लागतो म्हणून आम्हीच काढून देतो, आणि पासवर्ड विसरू नये म्हणून आमच्याच वहीत लिहून ठेवतो. त्या पुरस्कारांचं लोकमत ऑनलाईन असतं, खात्यातून लॉग-इन केलं की मत देता येतं. माझ्यासमोर वही होती आणि अंगात देशाभिमान शिरला होता. त्या रात्री मी शटर अर्धं ओढून घेतलं आणि वहीतल्या खात्यांवरून एकामागून एक राजीला मतं टाकली. त्यातल्या कोणी राजीचं नावही ऐकलेलं नव्हतं. मीही तो खेळलेलो नव्हतोच.

दुसऱ्या दिवशी एक म्हातारे काका आले. वनहक्काच्या दाव्यासाठी त्यांचे कागद माझ्याकडून टाइप करून घेत होते. फोन पुढे करून म्हणाले, "बाबू, हा कोणता मेसेज आला? दाव्याचं काही झालं का?" त्यांच्या खात्यात कोणीतरी शिरल्याची ती सूचना होती. मी म्हणालो, "काही नाही काका, तपासणीचा आहे." त्यांनी मान डोलावली आणि फोन धोतराच्या घडीत ठेवून निघून गेले. आपल्या जमिनीबद्दल काही कळेल या आशेनं त्यांनी तो मेसेज आणला होता.

१० डिसेंबरला निकाल लागला. बक्षीस 'फास्मोफोबिया' या भूत शोधायच्या गेमला गेलं. मी पुन्हा उखडलो, भुताटकीला बक्षीस देतात आणि संस्कृतीला देत नाहीत! मग वाचताना कळलं की फास्मोफोबिया एका एकट्या माणसानं बनवला होता. त्यात माईकवर आपण प्रत्यक्ष बोलतो, भुताला नाव घेऊन हाक मारतो, आणि ते ऐकून भूत वागतं. पदार्पण म्हणून त्याची बाजू चांगलीच भक्कम होती. ९० आणि १० टक्क्यांचा हिशेबही मला त्याच वेळी समजला. म्हणजे लोकांच्या विश्वासाला नख लावून मी जी मतं टाकली, त्यांना जवळपास काही किंमतच नव्हती. किंमत असती तर ते कृत्य बरं ठरलं असतं, असं नाही. ती वही मी फाडली. आता पासवर्ड चिठ्ठीवर लिहून गिऱ्हाइकाच्या हातात देतो. विसरले तर पुन्हा काढून देतो. काकांना मात्र खरं काय ते मी आजवर सांगितलेलं नाही.

पुढे सेंटरच्या कॉम्प्युटरला एक जुनं ग्राफिक्स कार्ड बसवलं आणि राजी खेळलो. भिंतीवरून धावत जाणं, खांबाभोवती गरगर फिरून असुरांवर त्रिशूळ घेऊन झेपावणं सुरेखच आहे. देवादिकांच्या कथा सांगणाऱ्या भिंतींपुढे मी थांबून राहायचो. लढाई मात्र पुढे पुढे तीच ती वाटते, आणि शेवट असा येतो, जणू कोणीतरी मधेच पुस्तक हिसकावून घेतलं. नामांकन मिळालं ते योग्यच होतं, आणि मला विचाराल तर बक्षीस गेलं तेही योग्य ठिकाणी गेलं. हे मत मी बरेच दिवस कोणाला सांगितलं नाही. आपल्या माणसांचा गेम, त्याला कसं नाव ठेवायचं? पण न खेळता पोकळ म्हणणं आणि न खेळता थोर म्हणणं, दोन्ही अपमानच. खेळून दोष दाखवला असता तर पुण्यातल्या त्या लोकांची मेहनत निदान कोणीतरी नीट पाहिली, असं झालं असतं.

आता सगळ्यात अवघड भाग. जानेवारी २०२२. ठाकूरदेवाची यात्रा झाली होती आणि २६ जानेवारीला मी सेंटरतर्फे 'फ्री फायर'ची स्पर्धा ठेवली. आमच्या भागात हाच गेम चालायचा, कारण तो हलका, जुन्या फोनवरही पळतो. चार-चार जणांचे संघ. मी मोठ्या पुरस्कारांची नक्कल करून ठरवलं की आपणही नामांकनं काढायची. 'बेस्ट प्लेयर'साठी नावं निवडायची, यादी दारावर लावायची आणि मग विजेता जाहीर करायचा. संघांना सांगितलं, आपापल्या खेळाचे व्हिडिओ व्हॉट्सॲपवर पाठवा.

हेडरीकडच्या एका टोल्यावरचा एक पोरगा त्यात होता. फोनच्या काचेला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडा, रॅम इतकी तुटपुंजी की ग्राफिक्स सगळ्यात खाली ठेवूनही चित्र अडकायचं. तो फारसे किल करत नव्हता. साथीदार पडला की धावत जायचा, शत्रूच्या आणि त्याच्या मधे ग्लू वॉल टाकायचा आणि आडोशाला बसून त्याला उठवायचा. गोळ्या चालू असताना, घाई न करता. त्याचा संघ शेवटपर्यंत टिकला तो त्याच्यामुळे. हे मी माझ्या सेंटरच्या बाकावर, त्याच्या खांद्यामागे उभं राहून पाहिलं होतं.

यादी काढली तेव्हा त्याचं नाव त्यात नव्हतं. माझ्याकडे त्याचा एकही व्हिडिओ आला नव्हता. रेकॉर्डिंग लावलं की त्याचा फोन बंद पडायचा. ज्यांच्याकडे चांगला फोन, भरपूर डेटा, त्यांचे व्हिडिओ आले, आणि त्यात दिसणार काय, तर किल. मी किल मोजले. दारावर यादी लावली. त्यानं ती वरपासून खालपर्यंत वाचली आणि मला विचारलं, "यादी कोनं काढली, भाऊ?"

मी म्हणालो, "किलवरून निघाली. ॲपच दाखवते."

तो "बरं" म्हणाला. आवाजात राग नव्हता. अशा याद्या त्यानं आधीही वाचल्या होत्या, आणि त्या 'निघतात', त्यांना कोणी काढत नाही, हे उत्तरही त्याला नवीन नव्हतं. ते उत्तर देणाऱ्यांवर मी वर्षभर तोंडसुख घेत होतो आणि त्या दिवशी मीच ते दिलं.

१४ फेब्रुवारीला फ्री फायरवरही बंदी आली. 'फ्री फायर मॅक्स' चालू राहिला, पण तो जड, त्या पोराच्या फोनवर नीट चालेना. पुढे तो खनिजाच्या ट्रकवर क्लीनर म्हणून लागला. आलापल्लीच्या रस्त्यावर कधी भेटतो, लाल धुळीनं भुवया माखलेल्या, हात करतो. त्याला आता सांगून उपयोग नाही, पण सांगायला हवं होतं ते असं : ज्यूरीतला माणूस न्यूयॉर्कला बसून तुझा खेळ पाहू शकत नाही, ही त्याची अडचण झाली. मी दोन फुटांवर उभा होतो. माझ्याकडे ती सबब नाही.

त्यानंतर त्या मोठ्या पुरस्कारांकडे बघायची माझी नजर बदलली. वाद अजूनही आवडीनं वाचतो, पण बहुतेक वाद मला ओळखीचे वाटतात. २०२३ मध्ये 'डेव्ह द डायव्हर' हा गेम 'इंडी', म्हणजे स्वतंत्र छोट्या निर्मात्यांच्या विभागात नामांकित झाला. तो बनवणारी मंडळी कोरियाच्या नेक्सॉन या बलाढ्य कंपनीची. आरडाओरडा झाला, आयोजकांनी निर्णय ज्यूरीवर सोडला. प्रवर्गाच्या रकान्यात कोणी काय भरावं आणि ते तपासायचं कोणी, हा तंटा माझ्या काउंटरवर रोज असतो. नोव्हेंबरच्या तोंडावर आलेला गेम सगळ्यांच्या लक्षात असतो आणि फेब्रुवारीतला विसरला जातो, हेही तसंच. यात कोणाचं कारस्थान असेलच असं नाही. यादी माणसं काढतात आणि माणसांना जे दिसतं तेवढंच दिसतं.

यादीचा उपयोगही आहे, हे त्याच वर्षी कळलं. 'वेन्बा' हे नाव मी पहिल्यांदा पदार्पणाच्या नामांकनांत वाचलं. तिथे 'कोकून' जिंकला, वेन्बाला पुढे २०२४ मध्ये ब्रिटनचा बाफ्टा मिळाला. कॅनडात स्थायिक झालेल्या तमिळ जोडप्याची गोष्ट. त्यातल्या बाईच्या आईनं लिहिलेलं पाककृतींचं पुस्तक फाटलेलं, डागाळलेलं, आणि पुसलेल्या ओळी अंदाजानं भरून आपण इडली, बिर्याणी करायची. मुलगा कविन मोठा होतो तसा आईच्या तमिळला इंग्रजीत उत्तर देऊ लागतो.

या वेळी मी आधी खेळलो. आई शेजारी बसून बघत होती. तिनं आमच्या माडिया भाषेत विचारलं, ही बाई काय रांधते आहे? मी मराठीत सांगितलं. तिनं पुन्हा माडियात विचारलं, मी पुन्हा मराठीत सांगितलं. मग स्क्रीनवर कविननं तेच केलं आणि मी गप्प झालो. आश्रमशाळेत घातल्यापासून मी हे करत आलो असणार. पुढचा पदार्थ आला तेव्हा मी माडियात सांगायला गेलो आणि दोन वाक्यांतच अडकलो. आई हसली आणि शब्द सांगितला. ती नामांकनांची यादी नसती तर हा गेम माझ्यापर्यंत आला नसता. म्हणजे यादी खोटी नाही, ती निकाल म्हणून वाचणारा मी चुकत होतो. काय काय खेळून बघावं, एवढं सांगितलं तरी तिचं काम झालं.

सेंटरमध्ये अजून स्पर्धा होतात. आता निकष आधी लिहून लावतो. साथीदाराला उठवण्याचे गुण किलपेक्षा जास्त असतात, खेळ सगळ्यांनी एकाच फोनवर खेळायचा असतो, आणि यादीखाली 'काढणारा' म्हणून माझं नाव असतं. भांडायला येणाऱ्याला कोणाशी भांडायचं ते कळतं. येतातही. मागच्या वेळी एकानं सिद्ध करून दाखवलं की मी बेरीज चुकलो होतो.

२०२५ च्या पुरस्कारांत 'क्लेअर ऑब्स्क्युअर : एक्सपेडिशन ३३' या फ्रेंच गेमला विक्रमी संख्येनं नामांकनं मिळाली, ९ पुरस्कार त्यानं घेतले आणि त्यांत 'गेम ऑफ द इयर'ही होता. इंडीच्या विभागातही तोच जिंकला, त्यामुळे प्रवर्गाचा वाद पुन्हा पेटला. पोरांनी मला विचारलं, भाऊ, बरोबर झालं का? माझ्या ग्राफिक्स कार्डवर तो गेम सुरूच होत नाही. म्हणून सांगितलं की मला मत नाही. त्यांचा विश्वास बसला नाही. एक जण म्हणाला, "तब्येत बरी नाही का भाऊ?"